तेलाचे चढे भाव आणि सरकारचं ऊर्जा धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंधनाचे दर भडकले की देश कुठलाही असो, मागण्या त्याच असतात. कर कमी करा, दर बांधून द्या, कंपन्यांना वेसण घाला, साठे खुले करा. यातला जवळजवळ प्रत्येक उपाय गेल्या पन्नास वर्षांत कुठे ना कुठे करून झालेला आहे आणि त्याचं पुढे काय झालं याची नोंदही आहे. तरीही त्याच चुका पुन्हा होतात, आणि त्यांचा भुर्दंड सगळ्यात आधी कमी कमाईच्या घरांना पडतो. म्हणून हे प्रश्न जरा सविस्तर घेतले आहेत.

कच्च्या तेलाचा भाव नेमका ठरवतं कोण?

एकटं कुणीच नाही. जग दिवसाला सुमारे १० कोटी पिंप तेल वापरतं. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. हा वापर रातोरात कमी करणं कुणालाच जमत नाही. भाव चढला म्हणून कामावर जाणारा माणूस घरी बसत नाही आणि माल भरलेला ट्रक अर्ध्या वाटेतून माघारी फिरत नाही. त्यामुळे पुरवठ्यात शेकडा दोन-तीनची तूट आली की भाव तेवढ्यावर थांबत नाही. काही लोकांना गाडी बाहेर काढणंच परवडेनासं होईपर्यंत तो चढत राहतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारली तेव्हा पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. इराणमधल्या क्रांतीनंतर, १९७९-८० मध्ये, तो पुन्हा दुपटीहून जास्त वाढला. जुलै २००८ मध्ये १४७ डॉलर, आणि रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यानंतर मार्च २०२२ मध्ये ब्रेंट तेल (ज्याच्या भावावरून जगभरचे भाव ठरतात ते उत्तर समुद्रातलं तेल) १३९ डॉलरला टेकलं.

पुरवठा जास्त झाला की हेच उलट्या दिशेनं होतं. २० एप्रिल २०२० रोजी कोविडमुळे मागणी कोसळलेली होती आणि अमेरिकेतल्या टाक्या भरत आल्या होत्या. त्या दिवशी वेस्ट टेक्सास इंटरमिजिएट या अमेरिकेतल्या प्रमुख तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे त्या महिन्यात तेल ताब्यात घ्यायचा करार, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. ज्यांच्या हाती वायदा होता आणि तेल ठेवायला जागा नव्हती, ते ‘माझं तेल घेऊन जा, वर पैसेही देतो’ म्हणत होते.

ओपेकचा, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेचा, भावावर प्रभाव आहे, पण हुकूमत नाही. सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला पाच देशांनी ही संघटना काढली. २०१६ पासून रशिया आणि आणखी काही देश तिच्यासोबत उत्पादनाचं प्रमाण ठरवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी दिवसाला २० लाख पिंपांची कपात जाहीर केली. त्यापूर्वी १९८६ मध्ये मात्र याच संघटनेतल्या देशांनी आपापला वाटा राखण्यासाठी नळ मोकळे सोडले आणि भाव काही महिन्यांत निम्म्याखाली आला.

मग सरकारच्या हातात काही असतं का?

असतं, पण लोक मागतात ते नसतं. तेल आयात करणारं कुठलंही सरकार जागतिक भाव खाली आणू शकत नाही. चढ्या भावाचा बोजा कुणी उचलायचा हे मात्र सरकारच ठरवतं. गाडीवाल्यानं, करदात्यानं, तेल कंपनीनं, की कर्ज काढून पुढच्या पिढीनं? आणि पुढच्या भडक्याच्या वेळी देशाला किती तेल लागणार, हेही बऱ्याच अंशी सरकारच्या आजच्या निर्णयांवर ठरतं. खालच्या प्रत्येक उत्तरात हेच दोन मुद्दे फिरून फिरून येतील, कारण माझ्या मते ऊर्जा धोरण तपासायची कसोटी हीच आहे. दर लपवता येतो, तो नाहीसा होत नाही.

कच्चं तेल उतरलं तरी पंपावरचा दर तितका का उतरत नाही?

पंपावर उभे राहा आणि मीटरकडे पाहा. लिटरचे आकडे आणि रकमेचे आकडे सोबत पळत असतात. त्या रकमेत कच्चं तेल हा फक्त एक हिस्सा. त्याशिवाय शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन आणि कर असतो. समजा १०० च्या दरात ४० कच्च्या तेलाचे, १५ शुद्धीकरण ते विक्रीपर्यंतचे आणि ४५ कराचे आहेत, आणि कर लिटरमागे ठरावीक आहे. कच्चं तेल निम्म्यावर आलं, तर पंपावरचा दर ८० होईल. म्हणजे तिकडे शेकडा ५० ची घसरण, इकडे शेकडा २० ची. तेल दुप्पट झालं तर दर १४० होईल.

आता हाच कर टक्क्यांत असेल तर काय होतं ते पाहा. कराआधीच्या ५५ वर ४५ म्हणजे जवळपास ८२ टक्के. कच्चं तेल ४० चं ८० झालं की कराआधीची किंमत ९५ होते, तिच्यावर जवळपास ७८ कर बसतो आणि दर १७३ च्या घरात जातो. कुठलाही नवा निर्णय न घेता सरकारच्या तिजोरीत ४५ ऐवजी ७८ येतात. तेलाच्या भडक्यात सरकारलाच फायदा होतो, ही लोकांची तक्रार अशा ठिकाणी अगदी खरी असते. म्हणून आपल्याकडचा इंधनावरचा कर लिटरमागे ठरावीक आहे की टक्क्यांत, हे प्रत्येकानं एकदा तपासून पाहावं.

चलनाचा भाग वेगळाच. तेलाचा व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होतो. देशाचं चलन घसरत असेल तर जगात भाव उतरूनही पंपावर तो जाणवत नाही.

आणि दर चढताना धाडकन चढतो, उतरताना रेंगाळतो, हा नुसता समज नाही. अनेक देशांत हे मोजून दाखवलं गेलं आहे. अर्थशास्त्रज्ञांनी त्याला ‘रॉकेट आणि पीस’ असं नावच दिलं आहे: वर जाताना रॉकेट, खाली येताना पक्ष्याचं पीस. जिथे स्पर्धा कमी तिथे पीस जास्त वेळ तरंगतं.

पेट्रोलपेक्षा डिझेलच्या दराची इतकी चर्चा का?

कारण डिझेल प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळलेलं असतं. ट्रक, ट्रॅक्टर, मच्छीमारांच्या होड्या, पाण्याचे पंप, बांधकामाची यंत्रं, सगळं त्याच्यावर चालतं. पेट्रोल महागलं की गाडीवाल्याचा खिसा हलका होतो. डिझेल महागलं की ज्याच्याकडे सायकलही नाही, त्याचंही पीठ-मीठ महागतं. आणि शुद्धीकरण कारखान्यांची क्षमता तोकडी पडली, तर कच्चं तेल फारसं न चढताही डिझेल भडकतं. २०२२ मध्ये कच्चं तेलही चढलं होतं, पण डिझेल त्याहून जास्त भडकलं ते याच कारणानं. कोविडच्या काळात काही कारखाने कायमचे बंद झालेले होते आणि युरोपला रशियाचं डिझेल नकोसं झालं होतं.

सरकारनं दर सरळ बांधून दिले तर?

पहिले काही आठवडे छान वाटतं. पुढचं मात्र आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं होतं.

हंगेरीचं उदाहरण ताजं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं पेट्रोल-डिझेलचा दर लिटरला ४८० फॉरिंटवर बांधला. मुदत तीन महिन्यांची होती, ती वाढत वाढत वर्षापलीकडे गेली. दरम्यान जागतिक भाव चढले. बाहेरून तेल आणून या दरानं विकायचं म्हणजे प्रत्येक लिटरमागे तोटा, म्हणून आयातदारांनी आणणंच थांबवलं. शेजारच्या देशांतले लोक स्वस्त तेल भरायला सीमेपलीकडून येऊ लागले, तेव्हा परदेशी नंबरच्या गाड्यांना या दरात तेल देणं बंद झालं. लहान पंप कोरडे पडले. डिसेंबर २०२२ च्या सुरुवातीला लोक घाबरून टाक्या भरू लागले आणि ६ डिसेंबरला सरकारला मर्यादा उठवावी लागली.

अमेरिकेचा अनुभव याहून लांबलेला. ऑगस्ट १९७१ मध्ये महागाई रोखण्यासाठी सरसकट दर गोठवले गेले. बाकीच्या वस्तूंवरची बंधनं यथावकाश गेली, तेलावरची जानेवारी १९८१ पर्यंत या ना त्या रूपात टिकली. या दहा वर्षांत तेलाचे दोन मोठे झटके बसले आणि दोन्ही वेळा पंपांसमोर रांगा लागल्या. अनेक राज्यांत गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर तेल भरायचा दिवस ठरला. त्याच भावाचा फटका बसलेल्या, पण दर मोकळे ठेवलेल्या पश्चिम जर्मनीत तेल महाग होतं, पण मिळत होतं.

रांगेत उभं राहणं ही सुद्धा किंमतच आहे. ती पैशात मोजली जात नाही, एवढंच. आणि रोजंदारीवर जगणाऱ्या रिक्षावाल्यासाठी रांगेतला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची भाकरी.

मग रेशनिंग कधीच करू नये?

देशाकडे तेल घ्यायला परकीय चलनच उरलं नसेल तर दुसरा मार्ग राहत नाही. श्रीलंकेत २०२२ मध्ये लोक दिवसदिवस, रात्ररात्र रांगेत गाड्या लावून बसत होते. जुलैमध्ये तिथे ‘नॅशनल फ्युएल पास’ आला. वाहनाची नोंदणी केली की फोनवर क्यूआर कोड यायचा, पंपावर तो स्कॅन झाला की त्या आठवड्याचा कोटा किती उरला ते दिसायचं. तेल वाढलं नाही, पण कुणाला किती मिळणार हे कळू लागलं आणि रांगा ओसरल्या. वाटपच करायचं असेल तर ते असं उघड, नोंदीवर आणि प्रत्येकाला आधी सांगून व्हायला हवं. पंपावर ओळख असलेल्याला आधी, हा प्रकार रेशनिंगपेक्षा कितीतरी वाईट.

करकपातीचा सगळा फायदा ग्राहकाला मिळतो का?

बराचसा मिळतो, सगळा मिळेलच असं नाही. आणि ज्याची गाडी मोठी, त्याला जास्त मिळतो. जर्मनीनं जून ते ऑगस्ट २०२२ या तीन महिन्यांसाठी पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे ३० सेंट आणि डिझेलवरचा सुमारे १४ सेंट कमी केला. त्याच तीन महिन्यांत त्यांनी महिनाभराचा प्रवास पास फक्त ९ युरोला दिला. शहरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे, देशभर कुठेही. असे सुमारे ५.२ कोटी पास विकले गेले. करकपात सप्टेंबरमध्ये संपली आणि मागे काही उरलं नाही. पासाची मागणी मात्र इतकी टिकली की मे २०२३ पासून ४९ युरोचा कायमचा पास सुरू करावा लागला. दोन्ही उपाय एकाच सरकारनं एकाच उन्हाळ्यात केले होते, म्हणून ही तुलना मला फार बोलकी वाटते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. सगळ्याच मोठ्या देशांनी एकाच वेळी कर उतरवला तर जगाची मागणी टिकून राहते, भाव वरच राहतो आणि सोडलेल्या करातला मोठा वाटा तेल विकणाऱ्या देशांच्या पदरात पडतो.

पण इंधनावरचं अनुदान गरिबांसाठीच असतं ना?

नावानं असतं. अनुदान लिटरमागे मिळतं, त्यामुळे जो जास्त लिटर जाळतो त्याला जास्त मिळतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी विकसनशील देशांची आकडेवारी तपासली तेव्हा वरच्या २० टक्के लोकांना इंधन अनुदानाचा जो वाटा मिळत होता, तो खालच्या २० टक्क्यांच्या सहापट होता. गरिबाच्या नावानं काढलेल्या पैशातून श्रीमंताची टाकी भरत असेल, तर ते गरिबाच्या तोंडाला पानं पुसणंच झालं.

शिवाय स्वस्त तेल सीमेच्या आत थांबत नाही. नायजेरियात पेट्रोल अनुदानाचं होतं तेव्हा शेजारच्या बेनिनमध्ये ते रस्त्याच्या कडेला उघडं विकलं जायचं. लाकडी मांडणीवर काचेच्या मोठ्या बाटल्या आणि बरण्या ओळीनं लावलेल्या, आत पिवळसर पेट्रोल. मोटरसायकल थांबली की विक्रेता नरसाळं लावून त्यातलं पेट्रोल टाकीत ओतायचा. बाजूला मुलं खेळताहेत, एखादी ठिणगी पडली तर काय होईल याचा विचार करायची कुणाला सवड नाही. ही विक्री चालायची ती नायजेरियाच्या तिजोरीतून, म्हणजे तिथल्या शाळा-दवाखान्यांच्या पैशातून. मे २०२३ मध्ये नायजेरियानं अनुदान बंद केलं आणि बेनिनमधल्या त्या बरण्यांचा भावही लगोलग चढला.

स्वयंपाकाच्या इंधनाचं गणित मात्र वेगळं आहे. गॅस महागला की गरीब घर पुन्हा लाकूडफाट्याकडे वळतं, आणि तो धूर बाईच्या आणि मुलांच्या छातीत जातो. तिथे नेमक्या घरांना मदत देणं मला पूर्णपणे योग्य वाटतं. पेट्रोलच्या आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या अनुदानाला एकाच मापानं तोलू नये.

अनुदान चुकीचं आहे, तर ते ताबडतोब काढून का टाकत नाहीत?

कारण असं करून अनेक सरकारं तोंडावर आपटली आहेत, आणि लोकांचा राग अनाठायी नव्हता. नायजेरियात १ जानेवारी २०१२ ला, लोक सुट्टीसाठी गावी गेलेले असताना, अनुदान एका फटक्यात काढलं. दर दुपटीहून वर गेला, देशभर संप झाला आणि दोन आठवड्यांत सरकारला दर बराच खाली आणावा लागला. इक्वेडोरमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच आदेश निघाला. आदिवासी संघटना राजधानीवर चालून आल्या आणि दोन आठवड्यांच्या आत आदेश मागे घेतला गेला. फ्रान्समध्ये अनुदान नव्हे, करवाढ होती. नोव्हेंबर २०१८ पासून पिवळी जाकिटं घातलेले लोक चौकाचौकांत उतरले. त्यात मोठा भाग होता तो शहराबाहेर राहणाऱ्यांचा, ज्यांना कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नाही. डिसेंबरमध्ये सरकारनं वाढ सोडून दिली.

तिन्ही ठिकाणी सरकारनं आधी घेतलं आणि नंतर देऊ असं सांगितलं, किंवा तेही सांगितलं नाही. हा क्रम उलटा केला की निकाल बदलतो. इराणनं डिसेंबर २०१० मध्ये दर अनेक पटींनी वाढवले. पण त्याआधी कुटुंबांची बँक खाती उघडून घेतली होती आणि माणशी दरमहा ४ लाख ५५ हजार रियाल त्यात जमा केले होते. पैसे खात्यात दिसत होते, दर वाढले त्या दिवसापासून ते काढता येऊ लागले. मोठा उद्रेक झाला नाही. पुढे हे गाडं घसरलं ते दुसऱ्या कारणानं. रक्कम होती तिथेच राहिली, महागाई आणि निर्बंध वाढत गेले, आणि काही वर्षांत त्या रियालांत फारसं काही येईनासं झालं. मदत महागाईशी जोडलेली नसेल तर ती विरघळते.

इंडोनेशियानं ऑक्टोबर २००५ मध्ये दर दुपटीहून जास्त वाढवले आणि त्याच वेळी गरीब कुटुंबांना दरमहा १ लाख रुपिया या हिशेबानं, तीन-तीन महिन्यांचे एकदम, टपाल कार्यालयांतून वाटले. याद्या घाईत केल्या होत्या, त्यावरून जागोजागी भांडणं झाली. पण धोरण टिकलं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी पैसा घरात, मग दरवाढ. आणि वाचलेला पैसा कुठे गेला ते दर वर्षी जाहीर करायचं. ज्या सरकारची ही तयारी नाही, त्यानं अनुदानाला हात लावू नये. लोक आगीतून फुफाट्यात पडतात.

तेलाचे राखीव साठे असतात ना, ते का उघडत नाहीत?

उघडतात, पण ते भाव पाडण्यासाठी ठेवलेले नसतात. १९७३ च्या धक्क्यानंतर, नोव्हेंबर १९७४ मध्ये, तेल आयात करणाऱ्या औद्योगिक देशांनी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन केली. निव्वळ आयातीच्या किमान ९० दिवसांचा साठा प्रत्येक सदस्य आयातदार देशानं ठेवायचा, असा तिचा नियम. आखाती युद्धाच्या वेळी १९९१ मध्ये, कॅटरिना वादळानंतर २००५ मध्ये, लिबियातल्या यादवीच्या वेळी २०११ मध्ये आणि २०२२ मध्ये दोनदा सगळ्यांनी मिळून साठे सोडले.

अमेरिकेचा साठा टेक्सास आणि लुइझियानामध्ये जमिनीखालच्या मिठाच्या थरांत आहे. आधी खोल बोअर मारायचा, त्यातून पाणी सोडायचं, मीठ विरघळवून खारं पाणी बाहेर काढायचं. असं करत करत पोकळी कोरली जाते. एकेक पोकळी सुमारे ६० मीटर रुंद आणि साडेसातशे मीटरहून उंच, आणि तिच्यात साधारण १ कोटी पिंप मावतात. मीठ तेलाला लागत नाही, गळू देत नाही. तेल काढायचं असेल तेव्हा तळाशी पाणी सोडतात. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून पाणी वर चढतं तसं तेल वरच्या नळातून बाहेर ढकललं जातं. मात्र प्रत्येक खेपेला पाणी भिंतींचं थोडं मीठ खातं, म्हणून ही पोकळी हवी तितक्या वेळा उपसता येत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेनं सहा महिन्यांत १८ कोटी पिंप विकायचं ठरवलं. एवढा मोठा आकडा, आणि जगाच्या हिशेबात तो दोन दिवसांचाही वापर नव्हे! त्यानं टंचाईची धार बोथट झाली, पण साठा १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदाच इतका खाली गेला. निवडणूक तोंडावर आली म्हणून साठा उपसणारं सरकार पुढच्या खऱ्या संकटाची तरतूद खर्च करत असतं. आणि ज्यांनी साठाच केलेला नाही, त्यांचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आपणच जास्त तेल काढलं तर?

जमिनीत तेल असेल तर काढण्याचा फायदा देशाला होतो. पंपावरच्या दराला मात्र तो फारसा होत नाही, कारण देशातलं तेलही जागतिक भावानंच विकलं जातं. नॉर्वे तेल निर्यात करतो आणि तरीही तिथलं पेट्रोल जगातल्या महागड्या पेट्रोलांत मोडतं. तेलाची कमाई त्यांनी दर स्वस्त ठेवण्यात उडवली नाही. १९९० मध्ये कायदा करून निधी काढला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम टाकली, आणि आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या सरकारी गुंतवणूक निधींपैकी एक आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. कझाकस्तानजवळ कॅस्पियन समुद्रात काशागानचं प्रचंड क्षेत्र २००० मध्ये सापडलं. उत्पादन सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालं आणि काही आठवड्यांतच थांबलं, कारण तिथल्या तेलासोबत येणाऱ्या विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूनं नळांच्या पोलादाला भेगा पाडल्या. नळ बदलून ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. गयानामध्ये मात्र २०१५ चा शोध २०१९ च्या अखेरीस उत्पादनाला लागला, आणि हा वेग अपवाद मानला जातो. आजच्या भडक्यावर उद्याची विहीर हा उपाय नाही.

तेल कंपन्यांच्या अफाट नफ्यावर जादा कर लावावा का?

लावावा, पण मुदत आणि नियम आधी सांगून. युद्धामुळे झालेला नफा हा कंपनीच्या कर्तबगारीचा नसतो. ब्रिटननं मे २०२२ मध्ये २५ टक्क्यांचा असा कर लावला आणि पुढे तो वाढवत नेला. पण दर काही महिन्यांनी टक्केवारी बदलली की गुंतवणूक करणारा हात आखडता घेतो. अमेरिकेनं १९८० मध्ये लावलेला असा कर १९८८ मध्ये रद्द केला. तोवर भाव कोसळले होते आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी पैसा आला होता. हा पैसा पंपावर दर उतरवत नाही, तिजोरीत जातो. तिथून तो गरजू घरांपर्यंत पोचला तरच त्या कराला अर्थ.

सौर आणि पवन ऊर्जा वाढवली की पेट्रोल स्वस्त होतं का?

थेट नाही. सौर पॅनल वीज देतं आणि गाडी पेट्रोलवर चालते. फ्रान्सनं १९७४ मध्ये अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, आज त्यांची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते. तरीही २०१८ मध्ये डिझेलवरूनच त्यांचे रस्ते पेटले. वाहनं विजेवर आली की मगच हे दोन धागे जुळतात. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ पूर्णपणे विजेवरच्या होत्या. त्यामागे वर्षानुवर्षांच्या करसवलती आणि चार्जिंगची सोय आहे.

इथेनॉलचं काय?

ब्राझीलकडे पाहावं. १९७५ मध्ये त्यांनी उसापासून इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे विकली जाणारी बहुतेक नवी मोटार निव्वळ इथेनॉलवर चालायची. मग तेल स्वस्त झालं, साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला आणि दशकाच्या शेवटी पंपांवर इथेनॉलच मिळेना. लोकांनी सरकारवर विश्वास ठेवून घेतलेल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. तो विश्वास परत यायला २००३ उजाडावं लागलं, तेव्हा पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या बाजारात आल्या. निवड चालकाच्या हातात आली आणि मग कार्यक्रम खऱ्या अर्थानं रुजला. पाणी आणि शेतजमीन कशासाठी वापरायची हा प्रश्न प्रत्येक देशाला वेगळा सोडवावा लागतो, पण लोकांना एकाच इंधनाला बांधून टाकू नये एवढं तरी यातून घ्यावं.

तेल महाग होणं पर्यावरणासाठी चांगलंच नाही का?

वापर थोडा घटतो हे खरं. पण भाव तेलविक्रेत्यानं वाढवला तर पैसा देशाबाहेर जातो, करानं वाढला तर देशात राहतो आणि लोकांना परत देता येतो. पंपावरचा आकडा दोन्हीकडे सारखा दिसला तरी घरांवरचा परिणाम सारखा नसतो.

सरकारनं खरं काम करायचं ते कधी?

तेल स्वस्त असताना. तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, म्हणून ते होत नाही. अमेरिकेनं १९७५ मध्ये मोटारींसाठी सरासरी इंधनक्षमतेचा कायदा केला आणि १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला साधारण ११.७ किलोमीटर, असं लक्ष्य ठेवलं. १९८६ मध्ये भाव कोसळल्यावर हे मापदंड सैल पडले आणि पुढची वीसेक वर्षं मोटारींसाठी जवळपास हललेच नाहीत. २००८ मध्ये १४७ डॉलरचा भाव आला तेव्हा रस्ते मोठमोठ्या गाड्यांनी भरलेले होते.

याउलट इंडोनेशियानं २०१४ च्या अखेरीस भाव घसरू लागल्याची संधी साधली. १ जानेवारी २०१५ पासून पेट्रोलवरचं अनुदान जवळपास संपवलं आणि डिझेलवरचं लिटरला १,००० रुपियावर बांधून टाकलं. भाव घसरत असल्यामुळे अनुदान गेल्याच दिवशी पंपावरचा दर आदल्या दिवसापेक्षा कमी होता.